निराधारचा ‘पगार’ अडला, दाखला नाकारला, अपमान झाला : दिव्यांगांनी दाद कुठे मागायची?

जालना जिल्ह्यातल्या गावांत संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. “तीन महिने झाले, पगार पडला नाही,” हे वाक्य मी भोकरदनपासून मंठ्यापर्यंत ऐकले आहे. शासकीय भाषेत हा शब्द चूक असेल, पण त्यामागची समज बरोबर आहे. हा पैसा कोणाची मेहेरबानी नाही. तरीही तोच माणूस कार्यालयाच्या खिडकीपाशी गेला की हात जोडतो, आवाज खाली आणतो आणि “साहेब, काहीतरी बघा” म्हणतो.

काही काळापूर्वी एक ताई माझ्याकडे आल्या. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्याचा पगार अचानक बंद झाला होता. मुलाला एकटे घरी ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी त्याला सोबत घेऊन त्या एसटीने तालुक्याला जात. कधी ‘साहेब मीटिंगला’, कधी ‘साईट बंद’, कधी ‘बँकेत विचारा’, आणि बँकेत गेल्यावर ‘तहसीलला विचारा’. असे सात खेटे झाले. मी विचारले, “ताई, अर्ज दिल्याची पोच आहे का?” त्यांनी पिशवीतून एसटीची तिकिटे काढली. सात खेट्यांचा त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता.

हा लेख त्या तिकिटांमुळे लिहितो आहे. कार्यालयाने दिलेल्या त्रासावर कायद्यात उपाय आहेत आणि ते बरेच आहेत. पण तोंडी हेलपाट्यांची कायदा दखल घेत नाही. त्याची सुरुवात शिक्का मारलेल्या पोचेपासून होते. प्रत्येक त्रासाला दारही वेगळे आहे. चुकीच्या दारात सहा महिने बसले तर बरोबर दार दूर जाते.

आधी हक्क कोणता ते समजून घ्या

संविधानाचे कलम 41 बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याचे मार्गदर्शन राज्याला करते. या कलमावर थेट दावा लावता येत नाही, पण त्याच्या पाठीशी आता ठोस कायदा आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे येतात. मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्ती हेही त्यात आहेत. याच कायद्याचे कलम 24 सामाजिक सुरक्षेबद्दल आहे. दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे, असे ते सांगते.

संजय गांधी योजना महाराष्ट्रात 1980 पासून आहे. अर्जदार 65 वर्षांखालील हवा, दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवे आणि राज्यात 15 वर्षांचे वास्तव्य हवे. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार रुपये आहे. 2023 मध्ये महिन्याचे 1,000 रुपये 1,500 झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. तुमच्या खात्यात अजून जुनीच रक्कम येत असेल, तर तोही लेखी तक्रारीचा विषय आहे. दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

पहिली पायरी : लेखी अर्ज आणि पोच

अर्ज लांबलचक नको. चार गोष्टी पुरेत: मी कोण, मला काय मिळत होते किंवा मी काय मागितले, काय झाले, मला काय हवे. नमुना असा:

“प्रति, मा. तहसीलदार, (तालुका). विषय: संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान बंद झाल्याबाबत. मी दिव्यांग असून माझा लाभार्थी क्रमांक व यूडीआयडी क्रमांक पुढीलप्रमाणे आहे. माझे अनुदान (महिना, वर्ष) पासून जमा झालेले नाही. मला कोणतीही लेखी सूचना मिळालेली नाही. याबाबत मी (तारखा) रोजी कार्यालयात आलो/आले होतो/होते. कृपया अनुदान बंद होण्याचे कारण लेखी कळवावे, अनुदान सुरू करावे व थकीत रक्कम द्यावी.”

दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर पोच पावतीसह पाठवा, पावती जपून ठेवा. घरी एक वही करा. कोणत्या तारखेला गेलो, कोणत्या टेबलावर कोण भेटले, काय म्हणाले, सोबत कोण होते, हे त्याच दिवशी लिहा. पुढे आयुक्तांसमोर किंवा न्यायालयात हीच वही उपयोगी पडते. मूळ दाखले कोणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

त्रास उशिराचा असेल तर

फाईल हलत नाही, एवढेच दुखणे असेल तर तीन हत्यारे आहेत.

पहिले, माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा. तक्रार लिहू नका, माहिती मागा: ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली, तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता, याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.’ उत्तर 30 दिवसांत यायला हवे. नाही आले तर त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत पहिले अपील करा, त्याला 20 रुपये लागतात. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी उतरवून देण्यास मदत करणे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अंध किंवा कर्णबधिर व्यक्तीला माहिती समजावी म्हणून साहाय्य देणेही कायद्यात लिहिले आहे.

दुसरे, ज्याला आपण दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो तो 2005 चा कायदा. त्याच्या कलम 10 नुसार एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. माहितीच्या अधिकारात ‘फाईल 64 दिवस एकाच टेबलावर’ असे निघाले, की शिस्तभंगाच्या कारवाईची मागणी करणाऱ्या अर्जाला आधार मिळतो.

तिसरे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र अशा अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. कोणती सेवा किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत चुकली तर 30 दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते, म्हणून तिचा धाक असतो.

याशिवाय महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. आठही तालुक्यांतले लोक तिथे तक्रार देऊ शकतात. तिथेही पोच घ्या.

पगार न कळवता बंद केला तर

हा सर्वांत जास्त भेटणारा प्रकार. कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात: हयातीचा दाखला पोहोचला नाही, आधार बँकेला जोडलेले नाही, आधारवरचे नाव आणि यादीतले नाव जुळत नाही, केवायसी राहिली. आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने माणूस यादीबाहेर पडतो.

यात दोन मुद्दे पक्के लक्षात ठेवा. एक, मिळत असलेला लाभ बंद करण्याआधी नोटीस देणे आणि म्हणणे ऐकून घेणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. दोन, माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. म्हणून अर्जात नुसते ‘पगार सुरू करा’ लिहू नका. ‘कोणत्या आदेशाने, कोणत्या कारणाने बंद केला त्याची प्रत द्या’ असे लिहा. उत्तर असमाधानकारक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागा.

बोटांचे ठसे उमटत नाहीत, बुबुळाचे स्कॅनिंग होत नाही, चेहरा ओळखला जात नाही, म्हणून कोणाला परत पाठवले तर सर्वोच्च न्यायालयाचा 30 एप्रिल 2025 चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातला निकाल सांगा. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना डिजिटल केवायसीत येणाऱ्या अडथळ्यांवर तो निकाल आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने त्यात म्हटले. हातच नसलेल्या किंवा कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या माणसाकडे अंगठा मागणे म्हणजे त्याला सेवा नाकारणेच आहे.

ज्या ताईंची गोष्ट सुरुवातीला सांगितली, त्यांच्या मुलाचे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे होते. सात खेट्यांत हे कोणी सांगितले नाही. माहिती अधिकाराच्या एका अर्जाने कळले. पगार सुरू झाला. थकबाकीसाठी मात्र पुन्हा वेगळा अर्ज करावा लागला.

दाखला नाकारला किंवा टक्केवारी कमी दिली तर

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड हे सगळ्या योजनांचे मूळ आहे. 2017 च्या नियमांत दाखल्याला एक महिन्याची मुदत होती, 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. ती उलटली तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा.

टक्केवारी पटली नाही तर अधिनियमाच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येते. त्यासाठी तपासणीचा अहवाल आणि नाकारण्याचे लेखी कारण हाती हवे, ते आधी मागा. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड प्रकरणात मंडळांच्या कामावर महत्त्वाचे भाष्य केले. वाचादोष असलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचा तो वाद होता. नुसता टक्केवारीचा आकडा पाहून अपात्र ठरवू नये, त्या व्यक्तीला प्रत्यक्षात काय जमते ते तपासावे आणि निष्कर्षाची कारणे नोंदवावीत, असे न्यायालयाने सांगितले. निकाल शिक्षणापुरता आहे, पण ‘कारणे लिहा’ हे मागणे कोणत्याही मंडळापुढे करता येते.

बोगस दाखल्यांची चर्चा झाली की खऱ्या दिव्यांगांकडेही संशयाने पाहिले जाते. खोटा लाभ घेणे हा कलम 91 खाली गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. फेरतपासणीला बोलावले तर टाळू नका. पण नोटीस लेखी मागा, आणि येणे-जाणे शक्य नसेल तर तसे लेखी कळवा.

अपमान केला तर

“असे लोक घेऊन कशाला येता?” “याला काय कळतंय, हाकला बाहेर.” अशी भाषा रांगेसमोर वापरली जाते आणि आई-बाप मान खाली घालून निघून येतात. अधिनियमाच्या कलम 92 नुसार, दिव्यांग व्यक्तीला लोकांच्या देखत अवमानित करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणे किंवा धमकावणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. अशा खटल्यांसाठी सत्र न्यायालयाला विशेष न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

पोलीस ठाण्यात फिर्याद देताना नेमके शब्द, वेळ, जागा आणि साक्षीदार लिहा. फिर्याद घेतली नाही तर तीच पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

आपल्या समाजाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. जातीवरून, लोकांच्या देखत, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या व्यक्तीने अपमान केला तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 लागू होतो. दिव्यांगत्व आणि जात दोन्हींवरून बोलले गेले असेल तर फिर्यादीत दोन्ही कायदे नमूद करायला सांगा. मात्र जे बोलले गेले तेवढेच लिहा. साध्या उर्मटपणाला ही कलमे लावली तर केस टिकत नाही आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते. उर्मटपणासाठी वरिष्ठांकडे शिस्तभंगाची तक्रार हा मार्ग आहे.

पायऱ्या हाही अपमानच आहे. 2023 मध्ये दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना मुंबईत स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले, कारण लिफ्ट नव्हती. त्यांनी ते जाहीरपणे सांगितले, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली आहे. तुमच्या कार्यालयात रॅम्प नसेल तर फोटो काढा आणि दिव्यांग आयुक्तांकडे पाठवा.

पैसे मागितले तर

‘प्रकरण मंजूर करून देतो’ म्हणणारा दलाल असो की टेबलावरचा कर्मचारी, पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरू शकतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे.

दिव्यांग आयुक्त आणि मानवी हक्क आयोग

राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात. हक्क डावलला गेल्याची तक्रार त्यांच्याकडे पोस्टाने करता येते. वकील लागत नाही. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यांबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचे असते, मान्य नसेल तर कारण द्यायचे असते. मर्यादाही ध्यानात घ्या: ही शिफारस असते, न्यायालयाचा हुकूम नसतो. पण ती पुढे उच्च न्यायालयात भक्कम कागद ठरते.

राज्य मानवी हक्क आयोगाकडेही विनाशुल्क तक्रार करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

उच्च न्यायालय आणि नुकसानभरपाई

सगळे करून झाले आणि कार्यालय ढिम्म असेल, तर कलम 226 खाली छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात रिट याचिका करता येते. न्यायालय ‘अर्जावर इतक्या आठवड्यांत निर्णय घ्या’ असा आदेश देऊ शकते. बऱ्याच वेळा तेवढाच हवा असतो. याचिकेआधी पोच असलेले अर्ज आणि स्मरणपत्रे हातात हवीत.

मनस्तापाची भरपाई मिळते का, हे लोक नेहमी विचारतात. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक अधिकाऱ्याने सामान्य नागरिकाचा छळ केला तर भरपाई देता येते, आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी. तो खटला ग्राहक कायद्याखालचा होता. निराधार अनुदानासाठी आपण शुल्क देत नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा चालत नाही. मूलभूत हक्काचा भंग दिसला तर रिटमध्ये भरपाई मागता येते. दिवाणी दावा लावायचा असेल तर शासनाला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. खरे सांगायचे तर भरपाईची लढाई लांब आहे. आधी पगार आणि थकबाकी मिळवा, मग तिचा विचार करा.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

आणायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जालन्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, आणि खंडपीठासाठी वेगळी समिती आहे. 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अर्ज लिहिण्यापासून याचिकेपर्यंत मदत मागता येते.

मनावर आलेले ओझे

हेलपाट्यांनी माणूस खचतो. झोप उडते, घरात चिडचिड होते, ‘जगून काय उपयोग’ असे बोलणे सुरू होते. ते बोलणे हलके घेऊ नका. टेली मानस 14416 या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात दाखवा आणि केसपेपर जपून ठेवा. उपचारासाठी तो लागतोच, पुढे मनस्तापाचा पुरावा म्हणूनही लागतो.

विहारात एक दिवस ठेवा

वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांना माझे एकच सांगणे आहे. महिन्यातून एक दिवस विहारात टेबल टाका. ज्यांचा पगार अडला आहे त्यांचे अर्ज लिहून द्या, झेरॉक्स काढा, पोच घेतली का ते पाहा, तारखा एका रजिस्टरमध्ये ठेवा. एकाच कार्यालयातून वीस जणांचा पगार एकाच कारणाने थांबल्याचे त्या रजिस्टरमध्ये दिसले, तर वीस जणांनी वीस वेळा हात जोडण्यापेक्षा वीस पोचा जोडलेले एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल.

त्या ताई आता कार्यालयात जाताना प्लास्टिकची एक फाईल नेतात. परवा खिडकीवरच्या माणसाने “नंतर या” म्हटले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “येते. पण तसं लिहून द्या.” त्याने अर्ज घेतला आणि शिक्का मारला.